दोडक्याची साधी भाजी: पाण्याचा थेंबही न घालता

एप्रिल लागला की मटार संपतो, फ्लॉवर पिवळा पडतो आणि मेथी-पालक दुपारपर्यंत माना टाकतात. बाजारात उरतात त्या वेलावरच्या भाज्या: दोडका, दुधी, पडवळ, घोसाळं, काकडी. घरी असताना ज्यांच्याकडे बघून आपण नाक मुरडलं, नेमक्या त्याच. मराठीत ‘लाडका’च्या विरुद्ध शब्दच मुळी ‘दोडका’ आहे, आता बोला.

मी पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. मे महिन्यात मेसवाल्या काकू गावाला गेल्या आणि आमच्यावर स्वयंपाकाची वेळ आली. पहिल्याच दिवशी मी दोडका चिरला, फोडणी केली आणि बटाट्याच्या भाजीला घालतात तसं भांडंभर पाणी ओतलं. वीस मिनिटांनी कढईत हिरवट पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या मऊ फोडी. आईला फोन लावला. ती म्हणाली, “पाणी कुणी घालायला सांगितलं तुला? दोडका म्हणजे पाणीच असतं रे.”

खरंच आहे ते. दोडक्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते बाहेर येऊ द्यायचं, त्यातच भाजी शिजवायची आणि शेवटी उरलेलं आटवायचं, एवढीच ही भाजी. खाली लांबलचक लिहिलंय, पण ते मी कुठेकुठे आपटलो ते सांगण्यासाठी. भाजी अर्ध्या तासात होते.

१. आधी सामान काढून ठेवा

हे दोघा-तिघांच्या एका जेवणापुरतं प्रमाण आहे. ‘चहाचा चमचा’ म्हणजे छोटा, ‘पोह्याचा चमचा’ म्हणजे त्याहून मोठा, घरात असतो तोच.

– दोडका अर्धा किलो (मध्यम आकाराचे दोन किंवा तीन)
– मूगडाळ २ पोह्याचे चमचे
– तेल दीड पोह्याचा चमचा
– मोहरी आणि जिरे, प्रत्येकी अर्धा चहाचा चमचा
– हिंग दोन चिमटी, हळद पाव चहाचा चमचा
– कढीपत्त्याची ७-८ पानं
– लाल तिखट १ चहाचा चमचा, किंवा दोन हिरव्या मिरच्या
– गोडा मसाला १ चहाचा चमचा
– गूळ सुपारीएवढा
– मीठ (किती ते पुढे, मुद्दाम)
– दाण्याचं कूट २ पोह्याचे चमचे
– कोथिंबीर, आणि असेल तर ओलं खोबरं

भांडी: जाड बुडाची कढई किंवा पसरट लंगडी, तिच्यावर बसेल असं खोलगट ताट, सुरी किंवा विळी आणि सोलाणं, म्हणजे आपला पीलर. इंडक्शनवर पातळ बुडाचं पातेलं ठेवून ही भाजी करू नका. मधोमध काळी चकती आणि कडेला कच्च्या फोडी असा प्रकार होतो.

कांदा-लसूण यादीत नाही, ते विसरलो म्हणून नव्हे. दोडक्याची चव मुळात हलकी आणि गोडसर असते. कांदा घातला की तो कांद्याच्या भाजीत हरवतो. कोल्हापूरच्या आमच्या मित्राला हे पटत नाही. तो गोड्या मसाल्याऐवजी कांदा-लसूण मसाला घालतो, गुळाला हात लावत नाही आणि त्याचीही भाजी संपते.

सगळ्यात आधी मूगडाळ धुऊन भिजत घाला. वीस मिनिटं ते अर्धा तास पुरे. चणाडाळ आवडत असेल तर ती निदान दोन तास भिजायला हवी. न भिजवलेली चणाडाळ टाकली की दोडक्याचा लगदा होतो आणि डाळ दाताखाली खड्यासारखी लागते.

२. बाजारात कोवळा दोडका ओळखा

निम्मी भाजी इथेच ठरते. जून दोडका घरी आणलात तर पुढची कुठलीही युक्ती कामाची नाही.

हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने जड हवा. हलका लागला तर आत जाळी धरली आहे असं समजा, म्हणजे खायला अंग घासायच्या घासणीसारखा. सालीच्या शिरा ताठ आणि गडद हिरव्या हव्यात. देठ ताजा हवा, सुकून तपकिरी झालेला नको. फूटभर लांबीपर्यंतचा घ्या. हातभर लांबीचा स्वस्त मिळतो तो का, हे बिया काढताना कळतं. शेंड्याकडे अंगठ्याने हलकेच दाबा. थोडासा लवला तर ठीक, पिचपिचीत लागला तर ठेवून द्या. मात्र नख रोवून बघू नका. भाजीवाल्या मावशी ओरडतात आणि त्यांचं बरोबर असतं.

दोडका आणि घोसाळं यांत गल्लत करू नका. दोडक्याला उठावदार शिरा असतात, घोसाळं गुळगुळीत असतं. घोसाळ्याला खानदेशात गिलकं म्हणतात आणि त्याची भजी उत्तम होतात. कोकणात दोडक्यालाच शिराळं म्हणतात. महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर हिंदी भाषकांकडे तोरी किंवा तुरई, गुजराती दुकानात तुरिया, बंगळुरूला हीरेकाई आणि हैदराबादला बीरकाया मागा.

आणल्यावर लगेच करणार नसाल तर न धुता कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस टिकतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ओट्यावर ठेवलेला दोडका मे महिन्यात दुसऱ्याच दिवशी घामाघूम होऊन मऊ पडतो.

३. प्रत्येक दोडक्याची एक चकती चाखा

ही पायरी कुणी सांगत नाही, आणि मी ती एकदा गाळली. तीनपैकी एक दोडका कडू निघाला. तो बाकीच्या दोघांत मिसळलेला होता, त्यामुळे अख्खी कढई टाकून द्यावी लागली.

काकडी, दुधी, दोडका, पडवळ हे एकाच कुळातले. या कुळातल्या फळांत कधीकधी कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं वाढतात. ती शिजवून जात नाहीत, मीठ लावूनही जात नाहीत आणि गूळ घालून तर नाहीच नाही. पोटात गेली तर कळा, उलट्या, जुलाब होऊ शकतात. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती.

म्हणून धुतल्यावर प्रत्येक दोडक्याची एक पातळ चकती कापा आणि जिभेच्या टोकाला लावा. गोडसर किंवा बेचव लागली तर पुढे चला. कडू लागली तर थुंका, तोंड धुवा आणि तो पूर्ण दोडका टाका. ‘थोडासाच कडू आहे’ म्हणून अर्धा वाचवू नका. कारल्याशी तुलनाही नको, कारल्याचा कडूपणा वेगळा.

४. शिरा काढा, पण फेकू नका

सोलण्याआधी दोडका वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुवा. शिरांच्या खाचांत माती आणि फवारणीचं औषध बसतं, आणि सालाची आपल्याला पुढे चटणी करायची आहे.

सोलाण्याने फक्त उभ्या शिरा काढा. दोन शिरांमधली साल कोवळी असेल तर तशीच राहू द्या. ती राहिली तर फोडी शिजल्यावर आकार धरतात. पार पांढरा होईपर्यंत सोललेला दोडका वाफेत विरघळतो. काढलेल्या शिरा एका वाटीत बाजूला ठेवा.

आता दोडका उभा चिरून दोन भाग करा, मग पुन्हा उभे दोन, आणि मग बोटाच्या पेराएवढ्या जाड फोडी. अगदी बारीक चिरलं तर लगदा होतो. आत बिया टणक झालेल्या दिसल्या तर त्या काढा, कोवळ्या पांढऱ्या बिया असू द्या.

चिरून झालं की कढईशी मापून बघू नका. अर्धा किलो दोडका कढईत डोंगरासारखा दिसतो आणि पंधरा मिनिटांत तळाला जातो. ‘तिघांना एवढं कशाला’ म्हणून मी एकदा निम्माच टाकला होता. तिघांच्या वाट्याला दोन-दोन घास आले.

५. फोडणी, क्रम न चुकवता

कढई मध्यम आचेवर तापवा, तेल घाला. तेल तापलं की नाही बघायला मोहरीचे चार दाणे टाका. लगेच तडतडले तर बाकीची मोहरी घाला. ते नुसतेच तळाशी बसले तर थांबा. न तडतडलेली मोहरी भाजीत कडवट लागते.

मोहरीचा आवाज ओसरला की जिरे. जिरे फुलले की कढीपत्ता, आणि तो टाकताना एक पाऊल मागे या, कारण ओला असला की तेल अंगावर उडतं. मग आच बारीक करून हिंग आणि शेवटी हळद. हळद पडली की दुसऱ्या हातात दोडक्याचं ताट तयारच हवं. हळद उकळत्या तेलात पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त राहिली की काळवंडते आणि भाजीला जळका वास येतो. हिरवी मिरची वापरणार असाल तर ती कढीपत्त्याबरोबर घाला. लाल तिखट मात्र फोडणीत नको, ते नंतर.

फोडणी जळलीच तर मोह सोडा. तेल टाका, कढई पुसा, पुन्हा करा. दीड चमचा तेल वाचवायला अर्धा किलो भाजी पणाला लावायची नसते.

६. ताटात पाणी, कढईत नाही

फोडी आणि निथळलेली मूगडाळ फोडणीत घाला, दोन-तीन मिनिटं मध्यम आचेवर परता. सगळ्या फोडींना हळद लागली आणि कडा जरा चमकायला लागल्या की आच बारीक करा.

आता कढईवर खोलगट ताट ठेवा आणि त्या ताटात पाऊण पेला पाणी घाला. ताटातलं पाणी ताटाचं बूड थंड ठेवतं. खालून आलेली वाफ त्या थंड बुडाला लागून थेंब होते आणि पुन्हा भाजीवर पडते. दोडक्याचं पाणी दोडक्यातच फिरत राहतं, भाजी करपत नाही आणि वरून काही घालावं लागत नाही. शिवाय ताटातलं पाणी आपोआप कोमट होतं. डाळ शिजायला कमी पडलीच तर त्यातलं चमचाभर घाला. नळाचं थंड पाणी घातलं की भाजीची उकळी मोडते.

काचेचं भोक असलेलं झाकण इथे चालत नाही, वाफ भोकातून निघून जाते. आमच्याकडे तेच होतं, म्हणून आम्ही जेवायची स्टीलची थाळी वापरायला लागलो.

चार-पाच मिनिटांनी ताट सांभाळून उचला. ते भाजलेलं असतं आणि वर गरम पाणी असतं, फडक्याने धरा. खाली बघितलंत तर फोडींच्या कडेने पाणी सुटलेलं दिसेल, बुडबुडे येत असतील, आणि डोंगर निम्मा झालेला असेल. एकदा खालून वर हलवा, पुन्हा झाका. आणखी चार-पाच मिनिटं. डाळीचा दाणा चिमटीत दाबून बघा. आख्खा दिसतो पण दाबल्यावर मोडतो, असं झालं की झालं.

७. मीठ आता, त्याआधी नाही

आपल्याकडे ‘नावडतीचं मीठ अळणी’ म्हणतात. दोडक्याच्या बाबतीत मात्र सगळे उलटं करतात, नावडत्याची भाजी खारट. कारण मीठ डोंगर बघून घातलं जातं आणि खायला मिळतो तळ. म्हणून भाजी बसल्यावर मीठ घाला. या प्रमाणाला पाऊण चहाचा चमचा पुरतो. अर्धा घाला, चाखा, मग उरलेला.

त्याच वेळी लाल तिखट, गोडा मसाला आणि चिरलेला गूळ घाला. गुळावरून वाद होतात. माझं म्हणणं, गूळ गोड लागण्यासाठी नसतो. सुपारीएवढ्या गुळाने भाजी गोड लागत नाही, मसाल्याचा तुरटपणा तेवढा जातो. सुपाऱ्या दोन झाल्या की मात्र भाजीचं पक्वान्न होतं.

आता ताट काढून टाका, आच थोडी वाढवा आणि तीन-चार मिनिटं उघडीच राहू द्या. सुटलेलं पाणी आटेल. पूर्ण कोरडी करू नका, कढई तिरकी केल्यावर कडेला चमचाभर रस जमावा. भाकरीबरोबर तो रस हवाच. गॅस बंद करून दाण्याचं कूट आणि कोथिंबीर घाला. लगेच खाणार असाल तर मूठभर ओलं खोबरंही.

८. बिघडलीच तर

पाणी फार झालं: आणखी एक चमचा कूट घाला, ते पाणी ओढून घेतं. त्यानेही भागलं नाही तर फोडी डावाने मोडा, चिंचेचा कोळ घाला, उकळी आणा आणि तिला आमटी म्हणा. आमची पहिली भाजी अशीच भातावर संपली.

खारट झाली: लहान बटाटा उकडून कुस्करून घाला. कच्च्या बटाट्याची फोड टाकून मीठ ‘शोषून’ घ्यायचा उपाय करून बघितला. बटाटा खारट झाला, भाजीही खारटच राहिली.

खाली लागली: खरवडू नका. वरची भाजी अलगद दुसऱ्या भांड्यात काढा आणि कढईत पाणी घालून ठेवा.

९. डब्यात न्यायची असेल तर

ओलं खोबरं घालू नका. उन्हाळ्यात सकाळी आठला भरलेल्या डब्यातली खोबऱ्याची भाजी दुपारी एकपर्यंत आंबूस होऊ शकते. डब्यासाठी दाण्याचं कूटच बरं. भाजी जरा जास्त आटवा, ताटात पसरून निवू द्या, मगच डबा लावा. गरम भाजी झाकली की झाकणाला वाफ धरते आणि तेच पाणी भाजीत उतरतं.

१०. हीच रीत कुठे चालते

दुधी, पडवळ, घोसाळं आणि कोवळा लाल भोपळा या सगळ्यांना हीच रीत. दुधीला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. पडवळातल्या बिया आणि गर काढून टाका. घोसाळं सगळ्यांत लवकर शिजतं, पाच मिनिटांनी बघाच.

भेंडीला ही रीत अजिबात नाही. भेंडीवर झाकण ठेवलं की तार सुटते, ती उघडीच परतायची. गवारीला उलट स्वतःचं पाणी फारसं नाही, तिला पाण्याचे हबके मारावे लागतात किंवा आधी वाफवून घ्यावी लागते.

११. आणि त्या शिरा

त्या वाटीतल्या शिरा आठवतात ना? आपल्या ताटात चटणी डावीकडे वाढतात आणि भाजी उजवीकडे. एका दोडक्यात दोन्ही बाजू भरतात.

शिरा बारीक चिरा. कढईत चमचाभर तेल घालून मंद आचेवर परतत राहा. आधी त्या नरम पडतील, चिवट होतील आणि तुम्हाला वाटेल की हे काही जमत नाही. परतत राहा. दहा-बारा मिनिटांनी आवाज बदलतो, डावाला लागून कोरड्या पानांसारखी खसखस ऐकू येते. तेव्हा २ चहाचे चमचे तीळ आणि २ पोह्याचे चमचे किसलेलं सुकं खोबरं घाला. आधी घातलं तर शिरा कुरकुरीत होईपर्यंत तीळ काळे होतात. खोबरं बदामी झालं की गॅस बंद करून मीठ, तिखट आणि चिमूटभर साखर.

निवल्यावर कोरड्या बरणीत भरा आणि ओला चमचा घालू नका. दोन-तीन दिवस कुरकुरीत राहते, असं आई म्हणते. आमच्या खोलीत ती बरणीपर्यंत कधी पोचलेली नाही.